गाडी देवळापाशी लावून

शुक्रवारी संध्याकाळी सहाला ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज येतो, 'आज कुठे बसायचं?' दोन मिनिटांत पंधरा अंगठे! कुणी लपवत नाही, कुणी लाजत नाही. उलट सोमवारी कोण किती 'आउट' झालं होतं याचे किस्से कॉफी मशीनपाशी चवीनं चघळले जातात. आता जरा उलटं करून बघा. त्याच कॉफी मशीनपाशी म्हणा, 'मी दारू सोडतोय.' एकजण हसेल, दुसरा 'लिव्हरचा रिपोर्ट आला काय रे?' म्हणून टाळी मागेल आणि तिसरा एकदम गप्प होईल. (त्या तिसऱ्याकडे नीट बघा.)

हे झालं आपल्या शहरातलं, जिथे शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं हेही आपल्याला ठाऊक नसतं. हाच सगळा प्रकार आता अशा गावात नेऊन ठेवा, जिथे तुमच्या गाडीचा नंबर पानठेलेवाल्याला पाठ आहे.

मार्चमध्ये मी भंडाऱ्याला गेले ती याच कामासाठी. माझा मावसभाऊ तिथे राहतो. वय एक्केचाळीस, नोकरी पक्की, दोन मुलं, स्वतःचं घर. आणि दारू. त्याचं नाव इथे देत नाहीये. खरं तर या लेखात भेटलेल्या कुणाचंच नाव नाही आणि ज्यांनी काही सांगितलं त्यांचे तपशीलही थोडे बदललेत. त्यामागे एक नियम आहे, तो पुढे येईलच.

पुण्याहून नागपूर एका रात्रीचा प्रवास आणि तिथून एसटीनं साधारण साठ किलोमीटर. विदर्भ म्हणजे कापूस, काळी माती आणि पेपरातल्या वाईट बातम्या, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. मौद्याला कन्हान नदी ओलांडली की ते हळूहळू पुसलं जातं. हा भाताचा मुलूख आहे. मार्चच्या उन्हातसुद्धा रस्त्याच्या कडेला उन्हाळी धानाचे हिरवेगार चौकोन दिसतात. आणि तलाव! इथे त्यांना 'मामा तलाव' म्हणतात. कुणाच्या मामाशी त्यांचा काही संबंध नाही. 'माजी मालगुजारी' या सरकारी शब्दांची ती आद्याक्षरं. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि नावात मामा तेवढा उरला. भंडारा शहर स्वतः पितळी भांड्यांसाठी ओळखलं जातं. शहराला लागून वैनगंगा वाहते. पुलावरून पलीकडे कारधा गावात गेलात तर सूर्य मावळताना दिसतो तो नदीवर आणि शहरावर एकदमच. वीकेंड डेस्टिनेशनच्या यादीत भंडारा नसतं, का ते मला कळलेलं नाही.

बसमध्ये माझ्या शेजारच्या काकूंनी मौद्याला हात जोडले. तिथे 'परमात्मा एक'वाल्यांचा आश्रम आहे. नागपूर-भंडारा-गोंदिया पट्ट्यातल्या गावांत फिरलात तर कितीतरी घरांच्या दारावर हे दोन शब्द दिसतील. बाबा जुमदेवजी (१९२१-१९९६) यांनी नागपुरात सुरू केलेला हा मार्ग. देव एकच माना, अंधश्रद्धा सोडा आणि घरात दारू आणू नका, असा साधा मामला. इथे दारावर 'परमात्मा एक' दिसलं की पाहुणासुद्धा खिशातली बाटली बाहेरच ठेवतो. शिवाय तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना इथल्या गावांना नवी नाही. संध्याकाळी एकत्र बसायचं, काही ठरलेले शब्द म्हणायचे, आपल्यासारख्याच दुसऱ्या माणसाकडे बघून स्वतःला सावरायचं. ही सवय इथे आधीपासून आहे. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढचा सगळा प्रकार 'अमेरिकन' वाटण्याची शक्यता आहे.

दादानं हे सगळे मार्ग करून पाहिले होते. शपथ घेतली. गोळ्या घेतल्या. मग गोळ्या घेणं बंद करून पुन्हा भट्टी गाठली. ('भट्टी' म्हणजे देशी दारूचं दुकान, हा शब्द इकडे फार ऐकू येतो.) फेब्रुवारीत हातांची थरथर इतकी वाढली की वहिनीनं त्याला नागपूरला नेऊन डॉक्टरांकडे भरती केलं. तिथे शरीरातली दारू उतरवली. हे डॉक्टरांच्याच देखरेखीखाली करायचं असतं, हे लक्षात ठेवा. रोज भरपूर पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. आठ दिवसांनी तो घरी आला. अंग एकदम साफ, आणि संध्याकाळचे सात ते दहा हे तीन तास एकदम रिकामे. 'ताई, दिवसा काही नसते,' वहिनी मला फोनवर म्हणाली. 'सात वाजले का हे घरात येरझारा घालतात. आणि आता होळी आली.'

होळी आली म्हणजे काय, ते विदर्भातल्या माणसाला सांगावं लागत नाही. धुळवडीला सकाळी रंग, दुपारी मटण आणि दिवसभर दारू. जो पीत नाही त्यालाही त्या दिवशी पाजली जाते. वर हाच मोसम मोहाचा. पहाटे झाडाखाली मोहफुलांचा सडा पडतो, बाया टोपल्या घेऊन वेचायला निघतात. वास गोड, थोडा आंबूस. फुलं भाजूनही खातात, भाकरीतही घालतात, आणि अर्थात भट्टीही लागते.

बाय द वे, आपल्या राज्याचा कायदा मोठा गमतीचा आहे. १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार दारू प्यायला परवाना लागतो, आजही. तुमच्या पाकिटात तो आहे का? हार्ड ड्रिंकसाठी वय पंचवीस हवं, हे माहीत होतं? भंडाऱ्याला लागून असलेला गडचिरोली जिल्हा १९९३ पासून ड्राय आहे. दुसरा शेजारी चंद्रपूर २०१५ मध्ये ड्राय झाला आणि २०२१ मध्ये ती बंदी उठली. बायकांनी मतदान करून गावातलं दुकान बंद पाडायचं, 'बाटली आडवी' करायची, अशीही सोय आहे. दुकान बंद व्हावं की नाही यावर वाद घालायला माझी ना नाही. पण दादाचा प्रश्न दुकानाचा नव्हताच. त्याचा प्रश्न सात ते दहाचा होता.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस हे नाव आपण हॉलिवूडच्या सिनेमात ऐकतो. गोल मांडलेल्या खुर्च्या, कागदी कपात कॉफी, कुणीतरी उभं राहून रडतंय वगैरे. 'एए' भारतात १९५७ पासून आहे आणि सुरुवात झाली ती मुंबईत, हे मला हा लेख लिहायला घेईपर्यंत माहीत नव्हतं. पुण्यातल्या वाचकांना मुक्तांगण माहीत असतं. १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या मदतीनं ते उभं केलं. पण मुक्तांगणसारखं केंद्र म्हणजे दाखल होऊन उपचार घ्यायची जागा. एए म्हणजे नंतरचं, किंवा शेजारचं. तिथे डॉक्टर नाही, फी नाही, रजिस्टर नाही. मेंबर व्हायची अट एकच : दारू सोडायची इच्छा.

शोधायचं कसं? फोन करून. आधी मी नागपूरचा एक नंबर मिळवला. पलीकडच्या काकांनी माझी चौकशी केली नाही, दादाची तर नाहीच. फक्त विचारलं, 'त्यांना स्वतःला यायचं आहे काय? का तुम्हालाच त्यांना आणायचं आहे?' मी म्हटलं, दुसरं. ते म्हणाले, 'हरकत नाही जी. ओपन मीटिंगला या. ओपनला कोणीही येऊ शकते.' क्लोज्ड मीटिंग फक्त पिण्याचा प्रॉब्लेम असलेल्यांसाठी असते. ओपनला नातेवाईक, डॉक्टर, विद्यार्थी, कुणीही चालतं. मग त्यांनी भंडाऱ्यातल्या एका माणसाचा नंबर दिला. त्यानं दिवस, वेळ आणि एका शाळेतली वर्गखोली सांगितली. होळीच्या आधी चार दिवस.

दादा म्हणाला, 'मी कायले येऊ? मले काही झालं नाही आता. तू जा, तुले लेख लिहायचा आहे.'

मी म्हटलं, ठीक आहे, मला रस्ता माहीत नाही, तू सोड.

'सोडतो,' तो म्हणाला. मग बराच वेळ टीव्ही बघत होता.

संध्याकाळी आम्ही त्याच्या गाडीवर निघालो. शाळा आली तरी तो थांबला नाही. पुढच्या वळणावर मारुतीचं एक छोटं देऊळ होतं, तिथे गाडी लावली. देवळापाशी आधीच चार-पाच गाड्या होत्या. मी म्हटलं, आज काही आहे का देवळात? तो काही बोलला नाही. आम्ही मागे चालत आलो, म्हणजे शाळेचं फाटक ओलांडून पुन्हा उलट आलो. मीटिंग संपल्यावर पाहिलं तर त्या चार-पाच गाड्यांचे मालक आमच्या बरोबरीनंच देवळाकडे चालत निघाले होते!

वर्ग चौथीचा होता. फळ्यावर अपूर्णांक. बाक इतके बुटके की गुडघे छातीला टेकावेत. कोपऱ्यात स्टीलच्या ड्रममध्ये पाणी, टेबलावर बिस्किटाचे पुडे, थर्मासमध्ये चहा. बारा-तेरा माणसं. एक रिटायर्ड दिसणारे गृहस्थ, एक ऑटोवाला, दोन पोरं माझ्याहून लहान, एक इस्त्रीच्या शर्टातला माणूस जो बँकेत असावा असं वाटत होतं. बाई एकच, आणि ती एका मेंबरची बायको निघाली. कुणीतरी 'बसा जी' म्हणालं.

मी वही काढली, तेव्हा रिटायर्ड काका शांतपणे म्हणाले, 'वही राहू द्या बॅगेत.' हाच तो नियम. पेपर, रेडिओ, सिनेमा यांच्यासमोर मेंबरचं नाव आणि चेहरा येऊ द्यायचा नाही, हे एएच्या परंपरांमध्येच लिहिलेलं आहे. इथे जे ऐकलं ते इथेच ठेवायचं. मी पत्रकार आहे हे मी आधीच सांगितलं होतं. मीटिंग संपल्यावर तिघांनी स्वतःहून परवानगी दिली, तेवढंच इथे लिहितेय.

एक छोटी प्रार्थना झाली. मग एकेकानं नाव सांगायचं आणि पुढे 'मी दारुडा'. कुणी बेवडा म्हणालं, कुणी मद्यपी. आवाज असा, जणू कुणी ब्लड ग्रुप सांगतंय. मला वाटलं होतं फार रडारड असेल. नव्हती. उलट लोक हसत होते. ऑटोवाला सांगत होता, बायकोपासून क्वार्टर लपवायला त्यानं घरातल्या कुठकुठल्या जागा वापरल्या. तांदळाच्या कोठीपर्यंत तो पोचला तोवर अख्खा वर्ग हसून लोळत होता. मग तो म्हणाला, 'एका पावसाळ्यात कुठं ठेवली तेच विसरलो. पोरीले सापडली. सहा वर्षांची होती. तिनं मले आणून दिली, हातात. बाबा, तुमची.' आणि तो थांबला. कुणी सल्ला दिला नाही, कुणी पाठीवर हात ठेवला नाही. सगळ्यांनी 'थँक यू' म्हटलं आणि पुढच्याचा नंबर.

बँकेतला वाटणारा माणूस जे बोलला ते माझ्या डोक्यातून जात नाही. 'वीस वर्षं बारसमोर गाडी लावली जी. मेन रोडवर, भर चौकात. साहेब बघायचे, सासरे बघायचे. कधी लाज नाही वाटली. इथं येऊन तीन वर्षं झाली, अजून गाडी शाळेसमोर लावत नाही.' काहीजण हसले. दादा हसला नाही. तो फळ्याकडे बघत होता.

मी यावर नंतर बराच विचार केला. शहरात 'ॲनॉनिमस' असणं फुकट मिळतं, मीटिंगमधून निघून मेट्रोत बसलात की संपलं. भंडाऱ्यात ते रोज मिळवावं लागतं. तिथे पिणारा माणूस कुणापासून लपलेला नसतोच, अख्ख्या गल्लीला तो केव्हा, कुठे, किती ते माहीत असतं आणि गल्लीला त्याचं काही वाटेनासंही झालेलं असतं. पण तोच माणूस सोडायला निघाला की बातमी होते. 'सोडली म्हणे! बघू किती दिवस.' पुन्हा घसरला तर तेही सगळ्यांच्या देखत. म्हणून गाडी देवळापाशी. देवाला जाणाऱ्या माणसाला कुणी किती दिवस जाणार ते विचारत नाही.

एएची गोष्टच मुळात अशा एका संध्याकाळची आहे. मे १९३५, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं ॲक्रन शहर. न्यूयॉर्कचा शेअरबाजारातला माणूस बिल विल्सन तिथे कामासाठी आला होता. काम फिसकटलं. काही महिन्यांपूर्वीच दारू सोडलेली, अनोळखी शहर, हॉटेलची लॉबी आणि पलीकडे बार. त्यानं बारऐवजी फोन गाठला आणि चर्चवाल्यांना फोन करत सुटला : मला दुसरा एखादा दारुडा भेटवा. त्यातून डॉ. बॉब स्मिथ या सर्जनची गाठ पडली. दोघे तासन् तास बोलले. त्याच वर्षी १० जूनपासून बॉब प्यायला नाही, आणि ती तारीख एएचा जन्मदिवस मानली जाते. म्हणजे एका दारुड्याला वाचवलं ते दुसऱ्या दारुड्याच्या गरजेनं. नंतर बारा पायऱ्या आल्या, पुस्तकं आली, देवाचे उल्लेखही बरेच आले. ते मला पटतात असं नाही आणि तसं मी काकांना सांगितलंही. ते म्हणाले, 'मलेही पहिली दोन वर्षं नव्हतं पटलं. मी चहासाठी येत होतो.'

'हे सगळं चालतं का पण?' असं तुम्ही विचारणारच. २०२० मध्ये कोक्रेन या संस्थेनं सत्तावीस अभ्यास एकत्र करून तपासले. माणसाला एएकडे वळवणारे नीट आखलेले उपचार इतर मान्यताप्राप्त उपचारांपेक्षा दारू पूर्ण बंद ठेवण्यात सरस ठरले. सगळ्यांनाच लागू पडतं असं नाही, कित्येकजण दोन मीटिंगनंतर येत नाहीत. पण आपल्याकडची अडचण त्याही आधीची आहे. सरकारनं एम्सकडून करून घेतलेल्या पाहणीत (२०१९) दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या दर अडतीस माणसांमागे एकालाच कुठलातरी उपचार मिळाल्याचं दिसलं. बाकीचे सदतीस गाडी लावायला जागा शोधत असतील.

आणि आपण मराठी माणसं दारुड्याची एकच गोष्ट पाठ करून बसलोय. गडकऱ्यांचं 'एकच प्याला' १९१९ साली आलं, गडकरी त्याच वर्षी सावनेरला, म्हणजे नागपूरजवळच, वारले. सुधाकर एक प्याला घेतो आणि पाचव्या अंकापर्यंत सगळं घर संपतं. शंभर वर्षांनंतरही आपल्याला दारुडा म्हटला की सुधाकर तरी आठवतो, नाहीतर सिनेमातला झोकांड्या खाणारा विनोदी बेवडा. चौथीच्या बाकावर गुडघे मुडपून बसलेला, सात वर्षं न प्यायलेला ऑटोवाला कुठल्याच नाटकात नाही.

दादाचा नंबर आला. तो म्हणाला, 'मी फक्त सोबत आलो. ही माझी बहीण, लेख लिहून रायली.'

कुणी काही म्हणालं नाही. मग रिटायर्ड काका म्हणाले, 'या जी. आम्ही सगळे सोबतच आलो होतो. मी पोरासोबत आलो होतो.' ऑटोवाला म्हणाला, 'मी तर सवारी सोडायले आलो होतो.' या वेळी दादा हसला.

चहाच्या वेळी जाहीर झालं : धुळवडीला सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत वर्ग उघडा राहील. कधीही या, कितीही वेळ बसा, जेवण आहे, रंग आणू नका. चहा छान होता, आल्याचा. देणगीची पिशवी फिरली. मी शंभराची नोट काढली तर काकांनी हात मागे घेतला, बाहेरच्यांकडून घेत नाहीत म्हणे. दादानं खिशातून वीस रुपये काढले, काकांकडे पाहिलं. काकांनी काही न बोलता पिशवी पुढे केली.

तुमच्यासाठी किंवा तुमच्या ओळखीच्या कुणासाठी शोधायचं असेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागतो. मनाच्या इतर त्रासांसाठी टेलिमानस, १४४१६. पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी अल-ॲनॉन नावाचे वेगळे गट असतात. बिल विल्सनच्या बायकोनं, लोइसनं, १९५१ मध्ये त्यांची सुरुवात केली. भंडाऱ्याला जाणार असाल तर उन्हाळा टाळा, पावसाळ्यानंतर जा, तलाव भरलेले असतात. खाली पवनीकडे वैनगंगेवर गोसीखुर्दचं धरण आहे आणि पवनीत जुन्या बौद्ध स्तूपांचे अवशेष. गावात चिन्नोर तांदळाचा भात मिळाला तर सोडू नका. त्याच्याबरोबर तलावातल्या मासोळीचा रस्सा.

धुळवडीला मी पुण्यात परत आले होते. दुपारी दोनला वहिनीचा मेसेज : 'सकाळी नऊला गेले. डबा नाही नेला.' साडेपाचला पुन्हा : 'आले. झोपले.' एप्रिलमध्ये चुलतभावाच्या लग्नात तो प्यायला, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी वहिनी त्याला घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे गेली आणि त्या आठवड्यात तो मीटिंगलाही गेला. तिथे कुणी विचारलंच नाही म्हणे. तारीख फक्त नवी धरली. सध्या तो आठवड्यातून तीनदा जातो, एकटा. रिटायर्ड काकांना रात्री घरी सोडायचं कामही त्याच्याकडे आलंय.

गाडी अजून देवळापाशीच लावतो. मी विचारलं तर म्हणाला, 'काकांना चालायचं असते ना थोडं.'